अर्ज कुठे थांबतो

(तालुका पातळीवरच्या कार्यालयांत नव्याने रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी तयार केलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना)

उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जावर कार्यालयात प्रत्यक्ष काम किती होतं, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. कागद चाळायला पाच-दहा मिनिटं, तलाठ्याचा अहवाल लिहायला तेवढाच वेळ, मग संगणकावर माहिती भरणं, अव्वल कारकुनाची नजर, नायब तहसीलदारांची स्वाक्षरी. सगळं मिळून तास भरत नाही. तरी दाखला हातात पडायला आठवडा जातो, पंधरवडा जातो आणि जूनमध्ये प्रवेशांच्या गर्दीत त्याहूनही जास्त. उरलेल्या दिवसांत तो कागद काय करत असतो? काही नाही. कुणाच्या तरी टेबलावर, नाहीतर कुणाच्या तरी लॉगिनमध्ये पडलेला असतो. या पुस्तिकेचा विषय हा पडून राहण्याचा काळ आहे.

कार्यालय सुधारायचं म्हटलं की पहिला हात रंगाच्या डब्याकडे जातो. भिंती रंगतात, बाकडी येतात, पाण्याचं यंत्र बसतं, दारावर स्वागताचा फलक लागतो. त्यात वाईट काही नाही. २०२५ च्या सुरुवातीला राज्यभर राबवलेल्या १०० दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा कार्यक्रमातही स्वच्छता, संकेतस्थळ, तक्रार निवारण, क्षेत्रीय भेटी असे सात मुद्दे होते, आणि त्या निमित्ताने कित्येक आवारांतली मोडकी कपाटं नि गंजलेली वाहनं हलली. उन्हात उभ्या राहणाऱ्या माणसाला सावली मिळाली तर ती सेवाच आहे. सौजन्याचंही तसंच. पण हसून ‘उद्या या’ म्हटलं म्हणून त्या माणसाची बुडायची ती मजुरी बुडतेच. वाडीवरून दोन एसट्या बदलून आलेल्याला आपण किती गोड बोललो यापेक्षा पुन्हा किती वेळा बोलावलं, हे जास्त लक्षात राहतं.

कायदा नाही म्हणून हे होतं, असंही नाही. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचं विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा अधिनियम २००५ चा आहे. बोलताना आपण त्याला ‘बदल्यांचा कायदा’ म्हणतो आणि त्यातला विलंबाचा भाग सोयीस्करपणे विसरतो. त्याच्या कलम १० नुसार एखादी फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. तत्काळ शेऱ्याची फाईल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची चार दिवसांत. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर निर्णय ४५ दिवसांत, असेल तर तीन महिन्यांत. दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. असा कायदा देशात सर्वांत आधी मध्य प्रदेशाने २०१० मध्ये केला होता. आपल्या कायद्याने अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला, प्रत्येक सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी नेमले, दोन अपिलं आणि वर आयोग ठेवला. पुरेसं कारण नसताना कसूर झाली तर ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. माजी मुख्य सचिव स्वाधीन क्षत्रिय हे आयोगाचे पहिले मुख्य आयुक्त.

कायदे चांगले आहेत. नवीन माणसाने ते मुळातून वाचावेत, मार्गदर्शिकांवर भागवू नये. मात्र वाचताना एका जागी थांबावं. लोकसेवा हक्काची मुदत मोजायची ती सर्व दृष्टींनी परिपूर्ण असलेला अर्ज मिळाल्यापासून. अट रास्त आहे. अर्धवट कागदांवर निर्णय देता येत नाही. पण कार्यालयाचं सगळं कौशल्य त्या ‘परिपूर्ण’पाशी एकवटतं. अर्ज परिपूर्ण ठरेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही, आणि तो केव्हा परिपूर्ण झाला हे ठरवणारा माणूस खिडकीच्या आत बसलेला असतो.

वारस नोंदीचं एक प्रकरण मी जवळून पाहिलं. तालुक्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही. वडील वारले, मागे तीन मुलगे, एक विवाहित मुलगी आणि चार एकर कोरडवाहू. थोरला मुलगा अर्ज घेऊन आला. मृत्यूच्या दाखल्याची नुसती झेरॉक्स होती, मूळ आणायला सांगितलं. तो मूळ घेऊन आला, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की वारसांच्या यादीत बहिणीचं नाव नाही. बहीण दुसऱ्या जिल्ह्यात दिलेली. तिचं आधार आलं. मग सातबाऱ्यावर वडिलांचं नाव पांडुरंग आणि मृत्यूच्या दाखल्यावर पांडू, म्हणून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं गेलं. ते झालं, तर जमिनीचा ताजा आठ-अ जोडलेला नाही. यातली एकही त्रुटी खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. कारकून लबाड नव्हता, उद्धट तर मुळीच नव्हता. दर वेळी त्याने नीट समजावून सांगितलं. फक्त दर वेळी त्याने अर्ज पहिल्या त्रुटीपर्यंतच वाचला आणि तिथेच मिटला. चारही गोष्टी पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या.

यातली खरी मेख पुढे आहे. त्या महिन्याच्या गोषवाऱ्यात हे प्रकरण कुठेच नव्हतं. अर्ज बारनिशीला चढलाच नव्हता, त्याला आवक क्रमांक नव्हता, म्हणून तो प्रलंबितही नव्हता. मागील शिल्लक, नवी आवक, निकाली, अखेर शिल्लक: चारही रकाने स्वच्छ. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या टेबलाचं कौतुक केलं, आणि कागदावरून पाहता त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

आपल्या नोंदवह्या अशा का, याचं उत्तर त्या कुणासाठी तयार झाल्या यात आहे. मुंबई इलाख्याची महसुली व्यवस्था सारा वसूल करण्यासाठी आणि वसुलीवर वरून नजर ठेवण्यासाठी बांधलेली होती. अँडरसनच्या महसुली हिशेबाच्या मॅन्युअलमधले गाव नमुने आजही तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, दप्तरात आहेत: एक ते एकवीस. जमीन किती, कुणाच्या नावे, पीक कोणतं, सारा किती, थकबाकी किती, जन्म-मृत्यू किती. कमालीची बारकाईने रचलेली पद्धत आहे ती. आजही तिच्यातला एखादा नमुना काढून टाकायचा म्हटलं तर दहादा विचार करावा लागेल. पण तिची सगळी तोंडं वर, कचेरीकडे आहेत. जमाबंदी वर जाते, दप्तर तपासणी वरून येते. आज किती माणसं चावडीवर आली आणि त्यातली किती काम न होता परत गेली, याचा नमुना त्या एकवीसांत नाही. तेव्हा तो कुणाला हवाही नव्हता. स्वातंत्र्यानंतर दाखले, योजना, अनुदानं, प्रवेश यांचं ओझं त्याच टेबलांवर आलं, आणि आपण त्याच चार रकान्यांनी ते मोजत राहिलो.

या परंपरेत राहूनही टेबल बदलता येतं, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दाखवलं. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून जे राज्यभर गेलं त्यात यंत्र नव्हतं, मोठा खर्च नव्हता. अभिलेखांची अ, ब, क, क-१ आणि ड अशी वर्गवारी करायची. कायम जपायचे ते कायम, ज्यांची मुदत संपली ते नष्ट. आणि प्रत्येक कारकुनाच्या टेबलावर सहा गठ्ठे. कारवाई करायची प्रकरणं पहिल्यात. कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबलेली दुसऱ्यात. नियतकालिक विवरणपत्रं तिसऱ्यात. स्थायी आदेशांची संचिका चौथ्यात. अभिलेख कक्षात पाठवायची पाचव्यात. मुदतीनंतर फाडायचे ड कागद सहाव्यात. टेबलाचा मालक रजेवर असला तरी शेजारच्याला कागद सापडावा, एवढी साधी अपेक्षा. ज्यांनी त्याआधीच्या कचेऱ्या पाहिल्या आहेत, लाल फडक्यांचे छतापर्यंत गेलेले ढीग आणि त्या ढिगाची भाषा एकट्या एका म्हाताऱ्या अभिलेखपालालाच कळायची ते दिवस, त्यांना या अपेक्षेची किंमत कळेल.

अभिलेख कक्षाला नवीन मंडळी शिक्षेची जागा समजतात. २०२३ च्या अखेरीस त्यांचा समज बदलला असेल. न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला निघालो तेव्हा आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर अभिलेख कक्ष उघडले गेले. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, शाळांची जनरल रजिस्टरं, जुनी खासरा पत्रकं, बरंचसं मोडीत. मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. ज्या कचेरीत कुणी तरी चाळीस वर्षांपूर्वी गावनिहाय बस्ते बांधून वर चिठ्ठी लावली होती, तिथे पानं काढायला वेळ लागला नाही. जिथे वाळवीने आधी वाचून घेतलं होतं, तिथल्या लोकांना काय उत्तर द्यायचं? बस्ते बांधणाऱ्या त्या अनाम कारकुनाने आपण ग्राहकसेवा करतो आहोत असं स्वप्नातही म्हटलं नसेल.

लखिनांच्या सहा गठ्ठ्यांतला दुसरा गठ्ठा मात्र आपण बिघडवला. प्रतीक्षाधीन. ‘मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल यायचाय’, ‘भूमी अभिलेखकडून मोजणीची नक्कल मागवलीय’, ‘वरिष्ठांचं मार्गदर्शन मागितलंय’. पहिल्या गठ्ठ्याबद्दल साहेब रागावतात, म्हणून कागद एक पत्र लिहून दुसऱ्यात सरकवला की टेबल मोकळं होतं. पत्राचं उत्तर आलं नाही तर दोष उत्तर न देणाऱ्याचा. आणि उत्तर न देणाऱ्याच्या टेबलावर आपलं पत्र त्याच्या दुसऱ्या गठ्ठ्यात असतं, कारण त्यानेही पुढे कुणाला तरी विचारलेलं असतं. अर्ज अशा वेळी कुणाकडेच प्रलंबित नसतो आणि सगळ्यांकडे असतो. माझं मत विचाराल तर तपासणी करणाऱ्याने पहिला गठ्ठा बघूच नये. सरळ दुसरा उलगडावा आणि सर्वांत तळातला कागद काढून त्यावरची तारीख वाचावी.

पुणे विभागाचे आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी २०१७ मध्ये पाच जिल्ह्यांत ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ राबवलं, तेव्हा या साचलेल्यावर मोठा हात फिरला. आधी अभिलेखांची छाननी, मग थकीत प्रकरणांचा फडशा, आणि त्यानंतर आजचं काम आजच. पुढे राज्यानेही ते स्वीकारलं. कचेरीतल्या माणसाला उत्साह येतो अशा थोड्या मोहिमांपैकी ती एक, कारण मोकळं कपाट दिसलं की काम करावंसं वाटतं. पण कोणत्याही मोहिमेत एक धोका असतोच. आकडा ‘निकाली’चा मागितला की निकाली काढण्याच्या युक्त्या निघतात. महिनाअखेरीस ‘कागदपत्रं अपूर्ण, सबब अर्ज निकाली’ असा शेरा मारून गठ्ठा हलका करता येतो. अर्जदार पुढच्या महिन्यात नव्याने अर्ज करतो, तो नवी आवक म्हणून चढतो, त्याच्यावरही मुदतीत कारवाई होते. आकड्यांत दोन सेवा. माणसाच्या हातात एकही नाही. म्हणून या पुस्तिकेत निकालीच्या रकान्याचे ठिकठिकाणी दोन भाग केले आहेत: सेवा दिली, आणि नाकारली. वाचणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. आपल्या कार्यालयाचा एका महिन्याचा गोषवारा असा फोडून पाहिला की वाटणार नाही.

संगणकाने काय केलं, यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. माझं मत त्याच्या बाजूने आहे, आणि कारण सातबारा. पूर्वी उताऱ्यासाठी तलाठी गाठावा लागे. तो तीन गावांच्या सजेत फिरणारा, आज इथे तर उद्या तिथे, आणि उतारा हाताने लिहिलेला. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि ती सगळी फेरी गेली. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती ई-फेरफारमध्ये आपोआप तलाठ्याकडे येते; पूर्वी त्या एका सूचीपत्रासाठी महिने जात. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, फाईलींची राख झाली, तेव्हा कागदाची एकच प्रत असणं म्हणजे काय हे सगळ्यांनाच कळलं. ज्या कामात निर्णय घ्यायचा नसतो, नुसती नक्कल द्यायची असते, त्या कामात यंत्राला तोड नाही.

निर्णयाच्या कामात तसं नाही. पूर्वी खिडकीतून परत येणारा अर्ज आता पोर्टलवरून परत येतो. ‘त्रुटी’ असं एका शब्दात लिहिता येतं आणि पुढचं बटण दाबता येतं. खिडकीवर निदान माणूस समोर असायचा, ‘म्हणजे नेमकं काय हो?’ असं विचारायचा. सर्व्हर बंद असला तर पूर्वीचा ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हा निरोपही आता लागत नाही.

या बाबतीत पासपोर्ट सेवा केंद्राची रचना अभ्यासण्यासारखी आहे. तिथे अ, ब आणि क असे तीन काउंटर. पहिल्यावर कंत्राटदार कंपनीचे कर्मचारी कागद तपासतात, स्कॅन करतात, फोटो नि बोटांचे ठसे घेतात. ब वर सरकारी अधिकारी पडताळणी करतो आणि क वर मंजुरीचा अधिकारी बसतो. कौतुक बहुधा वातानुकूलित हॉलचं नि टोकनच्या पाटीचं होतं. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: अर्जदार इमारतीत हजर असतानाच कागद तिन्ही टेबलांवरून जातो. शंका आली तर तिथल्या तिथे विचारता येते, त्याच्या पिशवीत कागद असेल तर तो लगेच काढून देतो. पोलिसांची पडताळणी नंतर होते, ती अर्थातच घराकडे. आपल्याकडे अर्जदार खिडकीवर अर्ज देऊन गावी गेला की त्याच्या कागदांवर विचार सुरू होतो. एका वाक्यात सुटणाऱ्या शंकेचं मग पत्र होतं, पत्राचं स्मरणपत्र होतं. तहसील म्हणजे पासपोर्ट कार्यालय नव्हे. आपल्याकडे गावपातळीवर चौकशी असते, हरकती असतात, एकाच टेबलावर पंचवीस प्रकारची कामं असतात. तरी निम्म्या शंका अर्जदार समोर असतानाच विचारता येतील.

घाई सगळीकडे चांगली नसते, हेही इथेच नोंदवतो, कारण नवीन माणूस उत्साहाच्या भरात सगळ्याच मुदती कापायला निघतो. फेरफाराची नोंद घेतल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावे लागतात. मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वरच्या प्रकरणातली ती विवाहित बहीण आठवा. भावांनी तिचं नाव यादीत घातलंच नसतं, तर तिला बोलायला तेवढेच पंधरा दिवस होते. ही वाट पाहणं कायद्याने कुणाच्या तरी रक्षणासाठी घातलेलं आहे. त्याला हात लावायचा नाही. नोटीस काढायलाच लागलेले तीन आठवडे आणि मुदत संपल्यावर प्रमाणित व्हायला लागलेला महिना, यांनी मात्र कुणाचंच रक्षण होत नाही. एकूण दिवस कमी झाले का, हा प्रश्न म्हणून अपुरा आहे. कोणते दिवस कमी झाले, ते सांगा.

आता कार्यालयाच्या फाटकाबाहेर येऊ. तिथे मुद्रांक विक्रेता असतो, टंकलेखक असतो, झेरॉक्सवाला असतो आणि ‘काम करून देणारा’ असतो. या शेवटच्या माणसाबद्दल आपल्या सभांमध्ये फार संतापाने बोललं जातं. तो नेमकं काय विकतो, हे क्वचितच विचारलं जातं. बऱ्याच वेळा तो निव्वळ माहिती विकतो: या कामाला कोणते कागद लागतात, कोणत्या क्रमाने लावायचे, कुठे सही राहते, कोणत्या वारी कोण भेटतं. भिंतीवरची नागरिकांची सनद वाचावी तर तिच्यातली अर्धी नावं बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांची आणि कागदांच्या यादीच्या शेवटी ‘इतर आवश्यक कागदपत्रे’. या ‘इतर’मध्येच त्या माणसाचं पोट आहे. त्याला हाकलायला पोलिस लागत नाहीत, पूर्ण यादी पुरते. २०१५ मध्ये शासनाने बहुतेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वयंसाक्षांकन पुरेसं असल्याचं कळवलं, तरी कित्येक खिडक्यांवर स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र मागण्याची सवय तशीच राहिली. मागणाऱ्याचा त्यात काडीचा फायदा नसतो. ‘असू द्या, नंतर कुणी विचारलं तर?’ एवढ्या एका भीतीने समोरच्याचे पाचशे रुपये आणि एक दिवस जातो.

ही भीती समजून घ्यायला हवी. आपल्या व्यवस्थेत काम अडवल्याबद्दल शिक्षा झालेला माणूस क्वचित दिसतो, आणि काम केल्याबद्दल चौकशीत सापडलेला माणूस प्रत्येक तालुक्यात एक तरी असतो. जादा कागद मागणाऱ्याला काही होत नाही. एक कागद कमी घेऊन दाखला देणाऱ्यावर लेखापरीक्षणात परिच्छेद येतो. मग माणूस काय निवडेल? वरिष्ठांनी लेखी सांगायला हवं की यादीतले कागद पाहून सद्हेतूने दिलेल्या दाखल्याची जबाबदारी एकट्या खालच्या माणसाची नाही. तोंडी सांगून हे होत नाही.

आणि माणसं कमी आहेत, हे खरंच आहे. तलाठ्याकडे दोन-दोन सजांचा भार, त्यात गारपिटीचे पंचनामे, मतदार यादी, निवडणूक, ई-पीक पाहणीची दुरुस्ती. २०२४ च्या पावसाळ्यात ‘लाडकी बहीण’चे दाखले मागायला तलाठी कार्यालयांपुढे ज्या रांगा लागल्या त्या ज्यांनी सांभाळल्या त्यांना सेवेवर व्याख्यान द्यायची माझी हिंमत नाही. पदं भरली पाहिजेत, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. मात्र वारस नोंदीच्या त्या प्रकरणात एकाच माणसाला चार वेळा समजावण्यात गेलेला वेळही कर्मचाऱ्याचाच होता. अर्जदार तीन खेपा जास्त आला म्हणजे खिडकीवर तीन माणसं जास्त आली. रांगेतली किती माणसं नवं काम घेऊन आली आहेत आणि किती जुन्याच कामाची चौकशी करायला, हे एक दिवस मोजून बघावं.

खासगी बँक, विमा कंपनी यांचं उदाहरण देऊन आपल्याला ‘ग्राहक राजा’ शिकवणारे प्रशिक्षक हल्ली बरेच येतात. त्यांच्याकडून रांग लावायची पद्धत शिकावी, बाकीचं सोडावं. बँक आवडली नाही तर माणूस समोरच्या बँकेत जातो. आपल्या तहसीलवर नाराज झालेल्याला शेजारच्या तालुक्यातून सातबारा दुरुस्त करून मिळत नाही. तो आपल्याकडेच येणार, आणि पुढच्या वर्षी मुलाच्या दाखल्यासाठीही आपल्याकडेच येणार. लोकसेवा हक्काखाली अपील करायला लोक का धजावत नाहीत, याचंही कारण हेच. पहिलं अपील त्याच साखळीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, आणि ज्याच्याविरुद्ध अपील करायचं त्याच्याकडे पुढची तीन कामं अडकलेली. कायदा हातात असतो, पण वैर कोण घेणार?

म्हणूनच या पुस्तिकेत अपिलाच्या प्रकरणापेक्षा पोचपावतीच्या प्रकरणाला जास्त पानं दिली आहेत. अर्ज स्वीकारल्याची पोच, तिच्यावर अर्जक्रमांक आणि सेवेची मुदत, ही कायद्याचीच आज्ञा आहे, मेहेरबानी नव्हे. आमची सूचना त्याच्या अलीकडची आहे: अर्ज अपूर्ण असला तरी पोच द्या, आणि सगळ्या त्रुटी एकाच वेळी, एकाच कागदावर, सहीनिशी लिहा. तो कागद घेऊन माणूस परत आला की नवी त्रुटी काढायची झाल्यास आधी तहसीलदारांची परवानगी घ्यायची. ही एवढी अट घालून पाहिलेल्या टेबलावर अर्ज शेवटपर्यंत वाचले जातात, हा आमचा अनुभव.

लाचेवर या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण नाही, याबद्दल मसुदा वाचणाऱ्या दोघा-तिघांनी विचारणा केली. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, त्याचा १०६४ क्रमांक प्रत्येक कार्यालयात लावलेला असतो, आणि तो तिथेच राहू द्या. आमचा भर दुसरीकडे आहे. पैसे मागितले जातात ते काम करण्यासाठी कमी आणि पडून असलेला कागद उचलण्यासाठी जास्त. कागद पडून राहण्याची जागाच कमी केली, तर मागणाऱ्याकडे विकायला फारसं उरत नाही. ज्याला नीती शिकवायची आहे त्याने जरूर शिकवावी. आम्हाला टेबलं लावता येतात.

परिशिष्टातल्या याद्या वापरताना एक काळजी घ्या. वारस नोंद, उत्पन्न, अधिवास, जात, नॉन क्रीमी लेयर या कामांच्या कागदांच्या याद्या तिथे दिल्या आहेत, पण त्या जशाच्या तशा छापून भिंतीवर लावू नका. आधी आपल्या कार्यालयातून गेल्या वर्षी परत गेलेल्या अर्जांशी त्या ताडून पाहा. प्रत्येक तालुक्यात काही तरी वेगळं निघतं, कुठे इनाम वर्गाच्या जमिनी, कुठे धरणग्रस्तांचं पुनर्वसन, कुठे ऊसतोडीला गेलेली गावं. परत गेलेल्या अर्जांची नोंदच ठेवलेली नसेल, आणि बहुधा नसेलच, तर एक साधी वही घालून ती उद्या सकाळपासून सुरू करा. रकाने चार पुरेत: तारीख, काम, परत का पाठवलं, आणि हाच माणूस याआधी कधी आला होता.